झोळीचा बांबू कोण धरणार?

“तुमच्यात तर प्रार्थनेने सगळं बरं होतं ना? मग आईला मुंबईला कशाला नेलंत?”

सेकंड इयरला असताना मेसमध्ये एका मित्राने मला हे विचारलं. वाईट हेतूने नाही. वरणभात कालवता कालवता, अगदी सहज. पण व्हायवाला एक्स्टर्नलसमोर माझी होते तशी अवस्था झाली. काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन मी ताट उचललं. गंमत म्हणजे त्याच सुट्टीत घरी गेलो तर तिथे उलट्या बाजूचा प्रश्न वाट बघत बसला होता. ओळखीतल्या एक बाई आईला म्हणत होत्या, “विश्वास पक्का असता तर ही कापाकापी करायची वेळच आली नसती गं.”

एक म्हणतो, देव आहे तर डॉक्टर कशाला? दुसरी म्हणते, डॉक्टरकडे गेलीस म्हणजे देवावर भरवसा नाही. नीट बघा मित्रांनो, दोघंही एकच समीकरण मांडताहेत, फक्त चिन्हं उलटी आहेत. माझं म्हणणं असं की समीकरणच चुकलेलं आहे. मेसमध्ये जे सांगता आलं नाही ते आज लिहून सांगतो. (मराठी विभागाच्या संपादकांनी शुद्धलेखन सांभाळून घ्यावं, माझी शाळा इंग्रजी सिस्टर्सची!)

मी तळोद्याचा. नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. १९९८ पर्यंत आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. आमच्या वर, डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या काही पाड्यांपर्यंत अजून गाडी जाईल असा रस्ता नाही. तिथे कोणी आजारी पडलं की लांब बांबूला चादर नाहीतर घोंगडी बांधून झोळी करतात. रुग्णाला तिच्यात घालून माणसं आळीपाळीने खांदा देत, ओढे-नाले ओलांडत रस्त्यापर्यंत आणतात. दर पावसाळ्यात पेपरात त्याचा फोटो येतो. लाज वाटावी असाच तो फोटो असतो, सरकारलाही आणि आपल्यालाही. पण त्या फोटोत आणखी एक गोष्ट असते. बांबू धरणारी माणसं.

लहानपणी संडे स्कूलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानातली गोष्ट ऐकली होती. कफर्णहूम गावात एका लुळ्या माणसाला चौघं जण खाटेवर घालून येशूकडे आणतात. दारात गर्दी, आत शिरायला जागा नाही. मग ते सरळ घरावर चढतात, छप्पर उकलतात आणि खाट वरून खाली सोडतात. आमच्या टीचर ही गोष्ट सांगायच्या तेव्हा मला त्या घरमालकाची काळजी वाटायची! पण त्या गोष्टीतली एक बारीकशी गोष्ट मला फार उशिरा कळली. येशूने विश्वास बघितला तो त्या माणसांचा, खाट आणणाऱ्यांचा. खाटेवरचा माणूस बिचारा एक शब्दही बोललेला नाही. त्याचा विश्वास किती टक्के, हे कोणी विचारलंच नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

आईच्या मावसबहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, स्तनाचा कॅन्सर झाला होता. उपचार सुरू झाले होते. दोन केमो झाले आणि कोणीतरी तिला एका प्रार्थनासभेला नेलं. तिथे सांगण्यात आलं की, औषध घेत राहणं म्हणजे मनात शंका असणं. शंका काढून टाक, गाठ जाईल. मावशी भाबडी होती, आणि केमोने इतकी थकली होती की तिला कोणीतरी “थांब” म्हणायला हवंच होतं. ती थांबली. २०२१ साली ती गेली. त्यानंतर तेच लोक म्हणाले, तिचा विश्वास कमी पडला.

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. माणूस गेला तर विश्वास कमी, आणि वाचला तर आमच्या प्रार्थनेचं यश! असा प्रयोग आपल्या लॅबमध्ये कोणी केला तर सर जर्नल फेकून देतील.

त्या मरणाचा परिणाम आमच्या घरात वेगळाच झाला. २०२३ मध्ये आईच्या हाताला स्वतःची गाठ लागली आणि तिने ती पाच महिने लपवली. आई अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या पोरांची वजनं वेळेवर घेणारी, गरोदर बायकांना दवाखान्यात पिटाळणारी आई स्वतःबद्दल गप्प राहिली. कारण एकीकडे मावशीचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. दुसरीकडे घरात मोठा झालेला मुलगा आणि नवरा, यांच्यासमोर हे बोलायचं कसं? शेवटी तिने माझ्या बहिणीला सांगितलं. बहीण तेव्हा दहावीत होती.

नंदुरबारला सुई टाकून तपासणी झाली आणि आम्ही परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो. रिपोर्ट इंग्रजीत. पप्पांचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यांचं शिक्षण नववीपर्यंत. त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. शब्द सगळे कळत होते. बारावीच्या बायॉलॉजीत वाचलेले होते. पण आईकडे बघून मराठीत सांगायची वेळ आली आणि मला शब्दच सापडेना. इंग्रजीत जो शब्द मी वर्गात उभा राहून वाचू शकत होतो, तो मराठीत आईसमोर उच्चारायची हिंमत माझ्यात नव्हती. मी “छातीत… जरा… गाठ…” असं काहीतरी चाचरत राहिलो. पप्पा पंख्याकडे बघत होते. शेवटी डॉक्टर मॅडमनीच स्वच्छ मराठीत सांगितलं, “ताई, तुमच्या स्तनात कॅन्सर आहे. उपचार करता येतील असा आहे. आता उशीर करू नका.”

आई बाहेर आली, बाकावर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मला वाटलं आता ती रडेल. तिने डोळे उघडले आणि विचारलं, “चल, आता कुठली खिडकी?”

मित्रांनो, श्रद्धेची व्याख्या मला कोणी विचारली तर मी हेच वाक्य सांगेन.

पुढचे आठ महिने जे झालं ते थोडक्यात सांगतो. आधी ऑपरेशन, एका बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग दर तीन आठवड्यांनी एक असे आठ केमो. मग रेडिएशन. ऑपरेशननंतर जखमेतून येणारं पाणी साठवायला एक नळी आणि बाटली लावून देतात. त्यात रोज किती पाणी जमलं ते लिहून ठेवायचं असतं. पप्पा त्या काळात कोणाशी फारसं बोलले नाहीत. पण दुकानाच्या उधारीच्या वहीत ते रोज सकाळी तारीख टाकून मिलिलिटरचा आकडा लिहायचे. एवढं नियमित जर्नल मी चार सेमिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

मुंबईत राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावचे कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात. तिथे जागा मिळाली. ज्या गाडगेबाबांनी नवस-सायास करणाऱ्यांना कीर्तनात झोडपलं आणि माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या छपराखाली आमचं ख्रिस्ती कुटुंब राहिलं. रात्री आई हळू आवाजात प्रार्थना करायची. शेजारी बीडकडच्या एक काकू होत्या, त्या हरिपाठ म्हणायच्या. सकाळी दोघी मिळून रक्ततपासणीच्या रांगेत! त्या काकू एका रविवारी आम्हाला बांद्र्याच्या माउंट मेरीला घेऊन गेल्या. तिथे बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते वाहायचं. आमच्या मंडळीत ही पद्धत नाही, त्यामुळे आईने काही वाहिलं नाही. पण काकूंसाठी तिने तिथे गुडघे टेकले. सोमवारी दोघीही पुन्हा रांगेत हजर.

आमच्या मंडळीने काय केलं तेही सांगायला हवं. (मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं.) पाळकसाहेबांनी पहिल्याच भेटीत आईला विचारलं, “पुढची तारीख कधीची? सोबत कोण जाणार?” सोबतीची पाळी लावली गेली, वर्गणी झाली. एकाने केशरी रेशनकार्ड आणि कागदपत्रं जमवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खेटा घातल्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला पाऊणपट सवलत मिळते, हेही आम्हाला मंडळीतल्याच एकाने सांगितलं. केमोने आईचे केस गेले. पण आमच्यात उपासनेला बायका डोक्यावर पदर घेतातच, त्यामुळे कित्येकांना ते कळलंही नाही.

दिवाळीत, अस्तंब्याच्या यात्रेचे लोक तळोद्यातून डोंगराकडे निघाले होते तेव्हाची गोष्ट. नुकताच केमो झाला होता. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दी टाळा, साधा सर्दी-तापही महागात पडेल. आणि त्याच संध्याकाळी मंडळीतले वीसेक लोक प्रार्थनेसाठी घरी आले! आता त्यांना परत कसं पाठवायचं? पप्पा चुळबुळत दारात गेले आणि त्यांनी अडचण सांगितली. पाळकसाहेब म्हणाले, “बरोबर आहे. आत यायची गरजच नाही.” सगळे अंगणात उभे राहिले, तिथूनच प्रार्थना केली, दोन गीतं म्हटली आणि पायरीवर डबे ठेवून गेले. आई खिडकीच्या जाळीमागून बघत होती. रस्त्याने अस्तंब्याचे यात्रेकरू चालले होते, तेही क्षणभर थांबले.

मावशीच्या प्रार्थनासभेत आणि या अंगणात फरक काय? देव तर एकच. पण तिथे प्रार्थना औषधाला बाहेर काढत होती. इथे औषधाला जागा देऊन प्रार्थना स्वतः बाहेर उभी राहिली.

माझ्या मित्राने नंतर मला एक संशोधन दाखवलं. अमेरिकेत बायपासच्या १८०२ रुग्णांवर प्रार्थनेचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. कोण कुठल्या गटात ते या रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला मात्र सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे. त्यांच्यात ते प्रमाण जास्त, ५९ टक्के! मित्राला वाटलं मी चिडेन. पण मला तो आकडा वाचून मावशी आठवली. ‘एवढे लोक प्रार्थना करताहेत, आता बरं व्हायलाच हवं’, हे किती मोठं ओझं असेल! त्या रुग्णांचं तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण ते ओझं मी मावशीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. प्रार्थना ही गोळी नाही, आणि ती गोळीसारखी मोजायला गेलं तर हाताला काही लागणार नाही. मला ते मान्य आहे.

आणि जे म्हणतात की औषध घेणं म्हणजे अविश्वास, त्यांनी जरा बायबलच उघडावं. हिज्कीया राजा मरायला टेकतो, रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकतो. आणि तरीही यशया संदेष्टा म्हणतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर लावा. प्रार्थना ऐकली गेली होती, मग लेप कशाला? याचं उत्तर त्या सभेतल्या लोकांनी द्यावं. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा तर वैद्य होता, असं पौलाच्या पत्रातच आहे. शिवाय देशाचा कायदाही आहे. कॅन्सर बरा करण्याचा दावा करून औषधाची किंवा मंत्र-ताईतासारख्या उपायांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

मग कोणी म्हणेल, ज्यांचा आजार बराच होणार नाही त्यांच्यासाठी तुझ्या श्रद्धेकडे काय आहे? त्याचंही उत्तर मुंबईतच मिळालं. बांद्र्याला शांती अवेदना सदन आहे. टाटामधले कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. उपचार संपलेल्या रुग्णांची ख्रिस्ती सिस्टर्स तिथे शेवटपर्यंत सेवा करतात, रुग्ण कुठल्याही धर्माचा असो. तिथे चमत्काराचं आश्वासन नाही. वेदना कमी करणारं औषध आहे आणि हात धरणारं माणूस आहे. आमच्या मावशीला शेवटी हे दोन्ही मिळालं नाही, हे माझं खरं दुःख आहे.

२०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेचा अंदाज आहे. यातल्या किती जणी लाजेपायी आणि भीतीपायी उशिरा पोचल्या असतील? टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. त्यातल्या निम्म्या भागांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनांची तपासणी करायच्या. मशीन नाही, वीज नाही! २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणी झालेल्यांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण विचार करा, जे काम आरोग्यसेविका नुसत्या हातांनी करू शकते, त्यासाठी तळोद्यात कशाची कमी आहे? फक्त तो शब्द उच्चारण्याची!

म्हणून माझी सूचना साधी आहे. आमच्या चर्चमध्ये उपासनेत ‘साक्ष’ द्यायची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. बहुतेक साक्षी अचानक बरं होण्याच्या असतात. तिथे उपचारांची साक्षही व्हायला हवी. चर्चमध्येच का, बचतगटात, भजनी मंडळात, हळदीकुंकवातही व्हावी. जिथे बायका एकमेकींवर विश्वास ठेवतात तिथे हे बोललं गेलं पाहिजे.

गेल्या वर्षी रेडिएशन संपवून आल्यावर आईने हे केलं… म्हणजे माझ्या सूचनेच्या आधीच! ती उभी राहिली आणि म्हणाली, “मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी पाच महिने लपवला, ती माझी चूक. देवाने मला डॉक्टर दिले, माझी माणसं दिली. ऑपरेशन केलं, औषध घेतलं, अजून घेते आहे. कोणाला गाठ लागत असेल तर आज मला भेटा.” चर्चमध्ये पुरुषांनी माना खाली घातल्या. मीही घातली असती, पण मग विचार केला, आता नाही. उपासना संपल्यावर तिघी जणी आईला बाजूला घेऊन बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात आई त्यांना घेऊन तपासणीला गेली. दोघींचं काही निघालं नाही. तिसरीचे उपचार सुरू आहेत, आणि सोबतीच्या पाळीत आईचं नाव पहिलं आहे.

आई पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. डॉक्टर अजून काही वर्षं तपासणीला बोलावणार आहेत, आणि उद्याचं कोणाला माहीत आहे? पण एवढं मला पक्कं कळलं आहे, की मावशी गेली ती तिचा विश्वास कमी होता म्हणून नाही, आणि आई आज आहे ती तिचा विश्वास जास्त होता म्हणून नाही. मावशीची झोळी लोकांनी अर्ध्या वाटेत खाली ठेवली. आईची कोणी ठेवू दिली नाही.

तर मित्रा, मेसमधल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आईला मुंबईला नेलं ते प्रार्थना करूनच नेलं. तुझ्या घरी कधी अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर मला फोन कर. फॉर्म कुठे भरायचा, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, आता मला सगळं माहीत आहे. बांबूचं एक टोक मी धरीन.